बाहेरचा डीव्हीडी रायटर डिस्क वाचतो, पण लिहिताना मध्येच सोडून देतो: लिनक्सवर कारण कसं शोधायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी. लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे आणि त्याला यूएसबीवर चालणारा पातळ डीव्हीडी रायटर जोडलाय. जुन्या सीडी-डीव्हीडी तो नीट वाचतो. कोरी डीव्हीडी-आर लिहायला घेतली की ब्रासेरो हा डिस्क लिहिणारा प्रोग्राम कधी सुरुवातीला, कधी अर्ध्याच्या पुढे थांबतं, ड्राइव्ह यादीतून गायब होतो आणि पुन्हा प्रयत्न केला तर ‘डिव्हाइस बिझी’ येतं. ब्रासेरो काढून के३बी टाकलं, तरी तेच. शिवाय काम वकिलांच्या ऑफिसचं आहे. सीसीटीव्हीच्या क्लिप आणि कागदपत्रं डिस्कवर घालून कोर्टात द्यायची आहेत, म्हणजे डिस्क बनली ‘असावी’ एवढ्यावर भागणार नाही.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: डिस्क वाचली जाते म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत आहे. वाचायला लागणारा लेसर अगदी मंद असतो. लिहिताना तोच लेसर डिस्कमधल्या रंगद्रव्याचा थर तापवून त्यावर खुणा उमटवतो, त्यासाठी कित्येक पट जास्त शक्ती लागते. त्याच वेळी मोटर वेगात फिरत असते. म्हणून वीजपुरवठा कमी पडत असेल तर तो वाचताना कळत नाही, लिहायला घेतल्यावरच उघडा पडतो. तुमची लक्षणं वाचून माझा पहिला संशय विजेवर आहे. सॉफ्टवेअर बदलून हा दोष जाणार नाही, कारण ब्रासेरो काय किंवा के३बी काय, सगळे शेवटी त्याच ड्राइव्हला त्याच वायरीतून आज्ञा देतात.

पण संशयावर पैसे खर्च करू नका. कर्नल (लिनक्सचा गाभा, जो थेट उपकरणांशी बोलतो) काय म्हणतो ते आधी बघा. टर्मिनल उघडून सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, डीमेसेज चालवा (कमांडची अक्षरं डी, एम, ई, एस, जी) आणि त्यापुढे हायफन डब्ल्यू लावा. मग खिडकी बंद होत नाही, नवीन ओळी येतील तशा दिसत राहतात. ती एका बाजूला उघडी ठेवून दुसरीकडे नेहमीसारखं लेखन सुरू करा. ड्राइव्ह गायब होईल त्या क्षणी तिथे काय उमटतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

‘यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ७’ अशी ओळ आली आणि लगेच खाली ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ८’ आली, तर ड्राइव्हची वीज क्षणभर इतकी खाली गेली की त्याच्या आतली चिप बंद पडून पुन्हा चालू झाली. कर्नलच्या लेखी जुना ड्राइव्ह उपटला गेला आणि नवा जोडला गेला. तुमच्या ‘बिझी’चं आणि गायब होण्याचं मूळ इथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. लिहिणाऱ्या प्रोग्रामने ‘/डेव्ह/एसआर०’ (लिनक्सने ड्राइव्हला दिलेलं नाव) अजून धरून ठेवलेलं असतं. ते नाव मोकळं नाही म्हणून परत आलेल्या ड्राइव्हला ‘एसआर१’ हे नाव मिळतं. प्रोग्राम मात्र ‘एसआर०’च्याच दारात उभा राहतो. अशा वेळी प्रोग्राम पूर्ण बंद करा, वायर काढा, थोडं थांबून पुन्हा जोडा. दरवेळी मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही.

‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ एवढंच वारंवार येत असेल आणि नंबर तोच राहत असेल, तर वीज पूर्ण गेलेली नाही, पण संभाषण तुटतंय. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’च्या ओळीत उणे ७१ हा एरर म्हणजे वायरीवरून आलेला मजकूर अर्धवट किंवा बिघडलेला होता, उणे ११० म्हणजे उत्तरच वेळेत आलं नाही. दोन्हीत पहिला संशय वायर, पोर्ट किंवा मधल्या हबवर घ्या. आणि ‘ओव्हर-करंट’ हा शब्द दिसला तर विषय संपला: पोर्टने स्वतःच हात वर केलेत.

आता विजेचा हिशेब. यूएसबी २च्या पोर्टकडून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३च्या पोर्टकडून ९००. तुमचा ड्राइव्ह उलटा करून खालचं लेबल वाचा. पातळ ड्राइव्हवर ५ व्होल्टच्या पुढे १ अँपिअर किंवा त्याहून जास्त आकडा बऱ्याचदा छापलेला असतो. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ कमांडच्या सविस्तर माहितीत ‘मॅक्सपॉवर ५०० मिलिअँपिअर’ दिसतं, त्यावर विसंबू नका. तो ड्राइव्हने कागदावर केलेला दावा आहे, मोजलेला आकडा नाही. पुष्कळ पोर्ट ठरल्यापेक्षा जास्त वीज देतात म्हणून हे ड्राइव्ह एरवी चालतात, आणि म्हणूनच एकाच्या लॅपटॉपवर उत्तम चालणारा ड्राइव्ह दुसऱ्याच्या लॅपटॉपवर रडतो.

वायरीचाही यात मोठा वाटा असतो. स्वस्त वायरीत आतली तार केसासारखी असते. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम धरा. एक मीटर वायर म्हणजे जायची आणि यायची मिळून दोन मीटर तार, म्हणजे सुमारे ०.४३ ओहम. त्यातून १ अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट वायरीतच जातात. पोर्टपाशी असलेले ५ व्होल्ट ड्राइव्हपाशी साडेचारच्या आसपास उरतात. लिहिण्याचा वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेकडे वाढत जातो आणि वेगाबरोबर लेसरची मागणीही वाढते. सुरुवातीचे तीस-चाळीस टक्के व्यवस्थित जाऊन पुढे घात होतो, त्याचं हे एक कारण.

म्हणून करायचं ते असं. ड्राइव्हबरोबर आलेली आखूड वायरच वापरा, एक्स्टेंशन नको. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. ड्राइव्ह थेट पोर्टमध्ये जोडा, आणि निळ्या जिभेचा यूएसबी ३ पोर्ट असेल तर तो घ्या. डेस्कटॉप असेल तर समोरच्या पट्टीवरचे पोर्ट टाळून मागे मदरबोर्डवर जोडा, कारण समोरच्या पोर्टपर्यंत आतून आणखी एक लांब वायर आलेली असते. यूएसबी-सी ते ए असा छोटा अडॅप्टर मध्ये असेल तर एकदा तो काढून बघा. एवढ्याने भागलं नाही, तर स्वतःचा चार्जर असलेला हब घ्या. चार्जर नसलेला हब उपयोगाचा नाही, तो आहे तीच वीज वाटून देतो. दोन टोकांची वाय-केबल नियमात बसत नाही, पण दुसरं टोक वेगळ्या पोर्टमध्ये लावलं की काम करते. काही ड्राइव्हच्या मागे ५ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी बारीक गोल भोकही असतं. असेल तर त्याच कंपनीने सांगितलेला अडॅप्टर लावा, हाताला लागेल तो नव्हे.

वीज वाचवणारी सॉफ्टवेअरंही याच लक्षणाने त्रास देतात. लॅपटॉपवर टीएलपी टाकलं असेल किंवा पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून चालवलं असेल, तर कर्नल यूएसबी उपकरणांना डुलकी घ्यायला लावतो, आणि काही ड्राइव्हमधली जोडचिप त्या डुलकीतून नीट उठत नाही. कर्नलच्या सेटिंगमधला त्या ड्राइव्हचा ‘पॉवर/कंट्रोल’ ‘ऑटो’वरून ‘ऑन’ करा किंवा टीएलपीच्या यूएसबी डिनायलिस्टमध्ये (वगळायच्या उपकरणांच्या यादीत) ड्राइव्हचा नंबर घाला. तो नंबर एलएसयूएसबीत दिसतो: चार अक्षरं, कोलन (:), चार अक्षरं.

समजा कर्नलची खिडकी पूर्ण शांत आहे, ड्राइव्ह जागेवर आहे आणि तरीही ‘बिझी’ येतंय. मग ड्राइव्ह दुसऱ्याच कोणीतरी धरलाय. कोरी डिस्क घातली की डेस्कटॉपची आपोआप माउंट करणारी यंत्रणा, फाइल मॅनेजर, कधी व्हर्च्युअल मशीन, सगळे तिकडे डोकावतात. एफ, यू, एस, ई, आर ही कमांड हायफन व्हीसह ‘/डेव्ह/एसआर०’वर चालवली की कोणता प्रोग्राम धरून बसलाय त्याचं नाव कळतं. तो बंद करा, आणि मिंटच्या सेटिंग्जमध्ये काढता येणाऱ्या माध्यमांसाठी आपोआप उघडणं बंद ठेवा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तुमचं खातं ‘सीडीरॉम’ गटात आहे का ते बघा. समोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला ही परवानगी आपोआप मिळते, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आलेल्याला मिळत नाही. फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रामला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणाऱ्या पद्धतीने) टाकलेला प्रोग्राम असेल तर त्याच्या कुंपणातूनही ड्राइव्ह दिसत नसेल. डिस्कच्या कामासाठी मिंटच्या स्वतःच्या भांडारातलाच प्रोग्राम घ्या.

वीज ठीक, कोणी धरलेला नाही, तरी लेखन फसतंय? मग ड्राइव्हचंच म्हणणं ऐका. लेखन फसलं की ड्राइव्ह तीन आकड्यांचा संकेत परत देतो. ब्रासेरो, के३बी वरवर ‘अज्ञात चूक’ म्हणतात, पण त्यांच्या लॉगमध्ये हे आकडे असतात: ‘एसके’, ‘एएससी’ आणि तिसरा ‘एसीक्यू’. पहिल्या आकड्यावरूनच निम्मी दिशा मिळते. २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ३ म्हणजे डिस्कचा दोष, ४ म्हणजे ड्राइव्हच्या अवयवाचा, ५ म्हणजे त्याला न जमणारी आज्ञा दिली गेली.

२/३ए/०० आलं तर त्याच्या मते आत डिस्कच नाही. डिस्क उलटी नाही ना, मधल्या कड्यावर टकदिशी बसली आहे ना, हे आधी बघा. पातळ ड्राइव्हमध्ये डिस्क बोटाने दाबून बसवावी लागते आणि ती अर्धवट बसली की नेमकं हेच होतं. ३/०सी/०० ही साधी ‘राइट एरर’: या डिस्कवर मला लिहिता आलं नाही. ३/७३/०३ फार बोलका आहे. लिहायच्या आधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला ठेवलेल्या राखीव जागेत थोडं लिहून लेसर किती तापवायचा ते ठरवतो. ती चाचणीच फसली तर हा आकडा येतो. डिस्क वाईट, भिंग मळलेलं, लेसर थकलेला किंवा वीज अपुरी, चौघांपैकी एक. ५/३०/०५ आलं तर डिस्कचा प्रकार किंवा तिची अवस्था त्या आज्ञेला चालत नाही. आधीच बंद केलेली (पुढे काही भर घालता येणार नाही अशी) डिस्क पुन्हा घातली, किंवा डीव्हीडी-आरडब्ल्यू पुसायची राहिली, की असं होतं. आणि ४/०९ पासून सुरू होणारे आकडे म्हणजे लेसरला डिस्कवरच्या वाटेवर राहता येत नाही.

आकडे स्वच्छ दिसावेत म्हणून मी खिडकीवाले प्रोग्राम बाजूला ठेवून झोरिसो वापरतो. अक्षरं एक्स, ओ, दोन आर, आय, एस, ओ. थॉमस श्मिट यांनी लिहिलेला आणि आजही सांभाळलेला हा प्रोग्राम आहे. डेबियनच्या इन्स्टॉलर डिस्कच्या प्रतिमा यानेच बनतात. पुष्कळ जुन्या मार्गदर्शनात वोडिम हा डिस्क लिहिणारा प्रोग्राम वापरायला सांगितलेलं सापडेल. सीडीरेकॉर्ड या मूळ प्रोग्रामच्या परवान्यावरून झालेल्या वादातून डेबियनने २००६ मध्ये सीडीआरकिट हा संच वेगळा काढला, वोडिम त्यातलं. त्याची शेवटची आवृत्ती २०१० ची. सीडीसाठी अजून चालतं, डीव्हीडीसाठी त्याच्या नादी लागू नका. झोरिसोला ‘आउटडेव्ह’ म्हणून ‘/डेव्ह/एसआर०’ द्या आणि ‘टीओसी’ (डिस्कची अनुक्रमणिका) विचारा. आत कोणत्या प्रकारची डिस्क आहे, ती कोरी आहे की बंद, ते तो सांगतो. खिडकी हवीच असेल तर एक्सएफबर्न घ्या, त्याच्या पोटात श्मिट यांचीच लायब्ररी आहे.

आता डिस्ककडे या. पाकिटावरचं नाव आणि आतला कारखाना यांचा संबंध असेलच असं नाही. ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स’ या संचातली ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो’ कमांड डिस्कमध्ये कोरलेली खरी ओळख दाखवते. ‘सीएमसी मॅग’ दिसलं तर तैवानची सीएमसी, ‘रायटेक’ तर रायटेक, ‘एमसीसी’ने सुरू होणारं काही असेल तर मित्सुबिशीचं रंगद्रव्य. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ओळखीच्या डिस्कसाठी लेसर कसा चालवायचा याचे तक्ते असतात. अनोळखी डिस्क आली की तो अंदाजाने लिहितो. एकेकाळी आपल्याकडे हातोहात मिळणाऱ्या डिस्क मोझर बेअरच्या असायच्या, ग्रेटर नोएडात बनलेल्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. सोनीने २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. आज दुकानात मिळणारा माल कधीचा आहे आणि कुठे पडून होता, हे विचारूनच घ्या. कोकणात किंवा मुंबईत उघड्या स्पिंडलवर पावसाळा काढलेल्या डिस्क कोर्टाच्या कामाला मी वापरणार नाही.

वेगाबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: जितकं सावकाश तितकं चांगलं. १६ एक्सच्या डिस्कचं रंगद्रव्य अगदी मंद वेगासाठी बनवलेलंच नसतं. पातळ ड्राइव्हवर ४ एक्स हा मला सगळ्यांत भरवशाचा वेग वाटतो. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १,३८५ किलोबाइट, तेव्हा ४ एक्सला साडेपाच मेगाबाइट. यूएसबी २ एवढं सहज पोचवतं, म्हणजे ‘यूएसबी हळू आहे म्हणून लेखन तुटतं’ हे कारण डीव्हीडीला लागू नाही. फक्त फाइली आधी लॅपटॉपच्या डिस्कवर आणा. पेनड्राइव्हवरून थेट लिहू नका, विशेषतः दोन्ही एकाच हबवर असतील तर अजिबात नाही.

एक तपासणी फुकट आहे: सीडी-आर लिहून बघा. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा, दोन्ही वेगळे. सीडी उत्तम लिहिली जाते आणि डीव्हीडी प्रत्येक कंपनीची फसते, असं दिसलं तर डीव्हीडीचा लेसर संपत आलाय. तोवर तुमचं काम ७०० मेगाबाइटमध्ये बसत असेल तर सीडीच द्या.

कोर्टाच्या डिस्कसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांभाळा. पहिली फाइलींच्या नावांची. डिस्क पुढे बहुधा विंडोजवर उघडली जाईल, म्हणून प्रोग्राममधला जोलिएट (लांब आणि इतर लिपींतली नावं जपणारी पद्धत) हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर तुमची मराठी नावं तिकडे मोडकी दिसतील. जोलिएटची मर्यादा ६४ वर्णांची आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘प्रतिज्ञापत्र’ हा डोळ्याला पाच अक्षरांचा शब्द तिथे १३ वर्ण खातो. असे पाच शब्द जोडून नाव केलंत की शेपूट कापलं जाणार, आणि सुरुवात सारखी असलेल्या दोन फाइलींची नावं ओळखू येणार नाहीत. नावं छोटी ठेवा, आकडा पुढे घाला. डिस्क बंद करूनच द्या, ‘पुढे भर घालता येईल’ हा पर्याय नको.

दुसरी पडताळणीची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी आलेल्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावं लागतं. ते कशाचं आणि कोणी लिहायचं ते वकीलसाहेब ठरवतील. पण डिस्कवर उतरलेला मजकूर मूळ फाइलींशी जुळतो हे तुम्हाला आधी माहीत हवं. प्रोग्रामने ‘यशस्वी’ म्हटलं एवढं पुरत नाही.

यासाठी आधी आयएसओ फाइल (डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा) बनवा, तिचा शा२५६ पद्धतीचा हॅश काढून ठेवा आणि तिचा आकार बाइटमध्ये लिहून घ्या. लेखन झालं की ट्रे बाहेर काढा आणि हाताने आत ढकला. हे टाळू नका, कारण तसं न केल्यास कर्नलच्या स्मरणात डिस्कची जुनी, कोरी अवस्था राहू शकते. पातळ ड्राइव्हचा ट्रे स्वतःहून आत जात नाही, म्हणून के३बीची आपोआप पडताळणी बऱ्याचदा इथेच अडते आणि चांगली डिस्क नापास दिसते. मग ‘हेड’ कमांडला हायफन सी देऊन बरोबर तेवढेच बाइट ‘/डेव्ह/एसआर०’वरून वाचा आणि ते पाइपने शा२५६ला द्या. आकार मोजून देण्याचं कारण असं की डिस्कच्या शेवटी भरतीचे जादा ब्लॉक असू शकतात, आणि सीडीच्या एका लेखनपद्धतीत अगदी शेवटचे दोन ब्लॉक वाचताच येत नाहीत. सरसकट पूर्ण डिस्क वाचली तर हॅश जुळणार नाही किंवा शेवटी ‘इनपुट/आउटपुट एरर’ येईल, आणि तुम्ही चांगली डिस्क फेकून द्याल. हॅश जुळला की तीच डिस्क एकदा दुसऱ्या मशीनवर, शक्य असेल तर विंडोजवर, उघडून दोन-तीन क्लिप चालवून बघा.

एवढं करूनही अडलात तर मला तीन गोष्टी पाठवा: ड्राइव्ह गायब होतानाच्या डीमेसेजच्या वीसेक ओळी, मीडियाइन्फोने दाखवलेली डिस्कची ओळख, आणि ड्राइव्हखालच्या लेबलचा फोटो. चार्जरवाल्या हबवर, दोन वेगळ्या कारखान्यांच्या ताज्या डिस्कवर, ४ एक्स वेगात, कर्नलची खिडकी शांत असताना जर ३/७३/०३ किंवा ४/०९ परत परत येत असेल, तर हा ड्राइव्ह दुरुस्तीला नेऊ नका, नवीन घ्या. घेताना मागे वेगळ्या अडॅप्टरची सोय असलेला मिळाला तर तोच निवडा.